रंग नंतर, आधी घडी! (टाय-डायच्या तासाला मुलांच्या हातात नेमकं काय द्यायचं?)



टाय-डाय हा उपक्रम आता आपल्या शाळांना नवा राहिलेला नाही. कार्यानुभवाच्या तासाला, उन्हाळी शिबिरात किंवा दप्तराविना शाळेच्या दिवशी पांढरा टी-शर्ट आणला जातो, रबर बँड येतात, रंगाच्या बाटल्या येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरी शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यामुळे असे उपक्रम पुढेही वाढतीलच, आणि ते वाढावेत असंच मला वाटतं.

पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. पिळाची नक्षी, म्हणजे मध्यातून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर जाणारी ती रंगीत नक्षी, करायची ठरली की शर्टाची घडी कोण घालतं? बहुतेक वेळा बाई किंवा सरच घालतात. तयार गाठोडी ओळीने मांडलेली असतात आणि मुलं फक्त बाटली दाबून रंग ओततात. शर्ट सुंदर येतात, फोटो सुंदर येतात, पालक खूश होतात. पण मुलं नेमकं काय शिकली?

माझं मत स्पष्ट आहे. पिळाच्या नक्षीत रंग ओतणं हे सगळ्यात सोपं काम आहे आणि घडी घालणं हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण मात्र सोपं काम मुलांना देतो आणि शिकण्याचं काम स्वतःकडे ठेवतो. हे उलटं व्हायला हवं. रंग एक वेळ कमी असला तरी चालेल, पण घडी मुलांच्याच हातची हवी.

घडीत असं आहे तरी काय?

आधी कृती नीट समजून घेऊ, म्हणजे माझा मुद्दा पटेल.

शर्ट धुतलेला हवा. नव्या कापडावर कांजी असते, ती निघाली नाही तर रंग आत मुरत नाही. शर्ट ओला करून घट्ट पिळायचा. हाताला ओलसर लागला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मग टेबलावर किंवा स्वच्छ फरशीवर सपाट अंथरायचा आणि सुरकुत्या हाताने काढायच्या.

आता नक्षीचा मध्य ठरवायचा. तो छातीच्या मधोमध असू शकतो, खांद्याजवळ असू शकतो, पोटाजवळही असू शकतो. त्या जागी पुढचा आणि मागचा असे दोन्ही पदर चिमटीत धरायचे आणि एकाच दिशेने फिरवायला लागायचं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून फिरवलं तर लहान मुलांना सोपं जातं.

फिरवायला लागलं की कापडाला चुण्या पडतात. खरी कसोटी इथेच आहे. चुण्या साधारण दोन ते तीन सेंटिमीटर उंचीच्या राहिल्या पाहिजेत. एखादी चुणी फुगून वर आली तर थांबायचं, तिला तळहाताने दाबून तिच्या दोन चुण्या करायच्या आणि मगच पुढे फिरवायचं. एक हात फिरवतो, दुसरा हात सतत दाबून धरतो. कापड टेबल सोडून वर उठलं की घुमट तयार होतो आणि पीळ बिघडतो. बाह्या आणि खालची कडही हळूहळू आत ओढून घ्यायची. शेवटी हातात चकलीसारखी एक सपाट, गोल चकती राहते.

मग रबर बँड. निदान तीन हवेत. प्रत्येक बँड चकतीच्या मध्यावरून जाईल असा आडवा-तिरपा लावायचा, म्हणजे लिंबाच्या फोडींसारखे सहा भाग दिसतात. बँड घट्ट हवेत, पण चकती वाकेल इतके घट्ट नकोत.

बस्स, घडी झाली. वाचायला दोन मिनिटं लागली, पण सातवीच्या मुलाला पहिल्यांदा करताना पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. ती पंधरा-वीस मिनिटं वाचवायची म्हणूनच आपण घड्या स्वतः घालून ठेवतो, नाही का?

भूमिती इथे, विज्ञानही इथेच

आता मुलांना एक प्रश्न विचारून बघा. आपण रंग तर सरळ फोडींमध्ये ओततो, मग उघडल्यावर त्या सरळ फोडी वळणदार कशा होतात?

ज्या मुलाने फक्त रंग ओतलाय त्याच्यासाठी ही जादू आहे. ज्याने घडी घातलीय त्याला उत्तर शोधता येतं, कारण त्याच्या बोटांनी ते अनुभवलेलं असतं. मध्याजवळचं कापड सर्वांत जास्त फिरलं, कडेचं कमी फिरलं. म्हणजे चकती उलगडताना प्रत्येक वर्तुळाकार पट्टा वेगवेगळ्या कोनातून मागे फिरतो. सरळ रेषा मग सरळ राहीलच कशी? ती वळत जाते आणि तिचा पीळ होतो. बादलीतलं पाणी मधोमध काठीने ढवळून त्यात शाईचा थेंब टाकून दाखवा. मधलं पाणी जास्त फिरतं, कडेचं मागे राहतं आणि शाईची रेघ तशीच वळते. मुलांना चटकन कळतं.

मग पुढचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. जास्त वेढे दिले तर? पीळ जास्त दाट येतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं आणि शेजारच्या मुलीने उलट दिशेने फिरवलं तर? दोघांच्या नक्ष्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा होतात. आणि शर्ट आधी उभा मधोमध दुमडून मग एकाच जागी फिरवला तर? उघडल्यावर दोन पीळ मिळतात, एक डावीकडे वळणारा आणि एक उजवीकडे. सममितीचा अक्ष म्हणजे काय हे फळ्यावर दहा वेळा काढून दाखवण्यापेक्षा हा एक शर्ट उघडणं जास्त काम करतं.

रंगांचंही तसंच आहे. शेजारच्या फोडींत लाल आणि हिरवा ठेवला तर दोन्ही जिथे भेटतात तिथे मळकट तपकिरी पट्टा येतो. पिवळा, केशरी, लाल असे शेजारी ठेवले तर मधल्या छटा छान येतात. रंगचक्राचा धडा पुस्तकात असतोच. इथे तो अंगावर घालता येतो.

रसायनशास्त्र हवं असेल तर तेही आहे. सुती कापडासाठी आज सर्रास वापरले जाणारे थंड पाण्यातले रंग हे रिॲक्टिव्ह प्रकारचे असतात. या प्रकारचे रंग 1956 मध्ये इंग्लंडमधून बाजारात आले. कापसाच्या धाग्यातल्या सेल्युलोजशी ते रासायनिक बंध तयार करतात, म्हणून धुण्यात सहज जात नाहीत. पण त्यासाठी पाणी अल्कधर्मी लागतं आणि ते काम धुण्याचा सोडा करतो. खाण्याचा सोडा नव्हे! तो त्या मानाने फार सौम्य पडतो. सोडा कोरड्या भुकटीच्या रूपात असेल तर एक लिटर पाण्याला साधारण 50 ते 60 ग्रॅम पुरतो. खड्यांसारखा स्फटिकी सोडा असेल तर त्यात पाण्याचे रेणू अडकलेले असतात, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी वजनाने सुमारे अडीच पटींहून जास्त घ्यावा लागतो. आठवी-नववीच्या वर्गात स्फटिकजल शिकवताना याहून जवळचं उदाहरण कोणतं द्याल?

बांधणी आपलीच, मग पीळच का?

काही जण म्हणतील, हे सगळं अमेरिकेचं फॅड आहे. आपल्याकडे बांधणी असताना हा पिळाचा टी-शर्ट कशाला?

प्रश्न योग्य आहे. भडक रंगांचा पिळाचा शर्ट 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हिप्पी तरुणांमुळे जगभर ओळखीचा झाला, हे खरं. पण कापड बांधून रंग अडवायचा, ही युक्ती कोणा एकाची नाही. कच्छ आणि जामनगरच्या बांधणीत नखाने कापडाचा कण उचलून दोऱ्याने बांधतात, आधी फिकट रंगात बुडवतात, पुन्हा बांधतात, मग गडद रंगात बुडवतात. राजस्थानच्या लहरियात कापड तिरकं गुंडाळून बांधतात, म्हणून लाटांसारखे पट्टे येतात. जपानात नागोया शहरातल्या आरिमात्सु भागात सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून शिबोरीचं काम चालत आलंय. नायजेरियात योरुबा स्त्रिया निळीत आदिरे कापड रंगवतात. इंग्रजीतला 'बँडाना' हा रुमालासाठीचा शब्दसुद्धा आपल्या 'बांधणे'च्या कुळातूनच तिकडे गेलाय.

या सगळ्यांत समान काय आहे? रंग कुठे जाऊ द्यायचा नाही, हे आधी ठरवायचं असतं. बांधणीची कारागीर बाई शेकडो गाठी बांधते तेव्हा कापडावर फारसं काही दिसत नसतं. नक्षी तिच्या डोक्यात असते आणि बोटांत असते. म्हणून बांधणी सोडून पीळ शिकवा असं मी म्हणत नाही. पीळ ही पहिली पायरी समजा, कारण ती एका तासात हाताला येते. ज्या मुलाने स्वतः चुण्या धरल्यात, त्याला बांधणीची साडी दाखवली की तो तिची किंमत न विचारता आधी गाठी मोजायला लागतो. कारागिराबद्दलचा आदर असा येतो. ज्याने नुसता रंग ओतलाय त्याला साडी 'छान' वाटते, बाकी काही नाही.

आपल्या महाराष्ट्रातच, वर्ध्याला, 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची चर्चा तिथे झाली. हस्तव्यवसाय हा शिक्षणाच्या शेजारी ठेवायची शोभेची वस्तू नाही, त्याच्यातूनच बाकीचे विषय शिकवायचे, हा तिथला गाभ्याचा विचार होता. तो सगळाच्या सगळा मान्य करा किंवा करू नका. पण हाताचं काम मुलाकडून काढून घेतलं तर त्यातलं शिक्षणही निघून जातं, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

"पण सर, वर्गात चाळीस पोरं आहेत!"

ही अडचण खरी आहे. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, एक शिक्षक. तरीही हे जमतं. कसं ते सांगतो.

1) दोन तास वेगळे करा. पहिल्या तासाला रंग आणायचाच नाही. प्रत्येकाने घरून जुना सुती रुमाल आणायचा. ओलसर रुमालाची चकती करायची, रबर बँड लावायचे आणि स्केचपेनने एका फोडीवर चुण्यांच्या माथ्यांवरून जाड रेघा ओढायच्या. उघडलं की तुटक का होईना, पीळ दिसतो. नाही आवडला? धुवा, पुन्हा करा. खर्च जवळपास शून्य.

2) जोड्या लावा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने फिरवायचं. चार हातांनी चुण्या जास्त चांगल्या राहतात, आणि चाळीसच्या वीस जोड्या होतात.

3) टी-शर्टाचा हट्ट सोडा. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'उद्या पांढरा कोरा टी-शर्ट आणा' असं वर्गात सांगणं सोपं असतं. पण ज्या घरात दिवाळीलाच नवा कपडा येतो, तिथे ते मूल दुसऱ्या दिवशी गैरहजर राहतं किंवा गणवेशाचा शर्ट घेऊन येतं. गणवेश बहुधा टेरीकॉटचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टरच्या धाग्यांवर हा रंग बसतच नाही, शर्ट अर्धवट फिकट रंगून वाया जातो आणि घरी बोलणी बसतात ती वेगळीच. त्यापेक्षा शाळेने मांजरपाट आणून चौकोनी तुकडे करून द्यावेत. सगळ्यांचं कापड सारखं, कुणाचं महाग नाही, कुणाचं फाटकं नाही. नक्षी तीच येते.

4) सोडा आणि भुकटी शिक्षकाच्याच हातात ठेवा. मुलांनी साध्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाची घडी घालावी. बांधलेली चकती नंतर शिक्षकाने हातमोजे घालून सोड्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवावी आणि दाबून पाणी काढावं. रंगाची भुकटीही वर्गाबाहेर, तोंडाला मास्क लावून कालवावी. ती नाकात जाणं चांगलं नाही. मुलांच्या हातात फक्त कालवलेला रंग आणि मोजे द्यावेत. बघा, इथे काम शिक्षकाने घ्यायलाच हवं. जे धोक्याचं आहे ते आपण करायचं, जे अवघड आहे ते मुलांना करू द्यायचं.

5) घाई करू नका. रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा, पुढे ज्या फोडीत जो रंग, मागेही तोच. मग चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. धुताना आधी बांधलेलीच थंड पाण्यात खळबळायची, मग बँड काढून पुन्हा थंड पाणी आणि शेवटी साबण. नळाखाली धरण्यापेक्षा ओळीने तीन बादल्या ठेवा, पाणी खूप वाचतं. आपल्याकडच्या कितीतरी गावांत हा मुद्दा लहान नाही.

गुण कशाला द्यायचे?

आता मूल्यमापन. इथेही आपलं जरा चुकतंच. सगळे तुकडे दोरीवर वाळत घालतो आणि 'कुणाचा छान आलाय?' असं विचारतो. मग ज्याने योगायोगाने चांगले रंग निवडले तो जिंकतो.

त्याऐवजी असं करून बघा. बँड काढायच्या आधी प्रत्येक मुलाने वहीत एक चित्र काढायचं. आतून काय निघेल असं त्याला वाटतं, ते. किती पट्टे, कोणत्या बाजूला वळलेले, पांढरं कुठे राहील. मग उघडायचं आणि चित्राशी ताडून बघायचं. फरक का पडला हे दोन-तीन वाक्यांत लिहायचं.

या दोन-तीन वाक्यांत मला खरा अभ्यास दिसतो. 'माझ्या कोपऱ्यात मोठा पांढरा डाग राहिला कारण तिथली चुणी जाड होती, रंग आत गेला नाही.' 'मधे सगळं काळपट झालं कारण सगळे रंग मध्यावरच ओतले.' 'माझा पीळ अर्ध्यात थांबला कारण कडेचं कापड मी फिरवलंच नाही, नुसतं आत कोंबलं.' अशी वाक्यं लिहिणारं मूल निरीक्षण करतंय, कारण शोधतंय आणि आपल्याच हाताने केलेल्या कामाचा हिशेब देतंय. त्याचा तुकडा दिसायला कसाही असो, त्याला पैकीच्या पैकी द्यायला माझी हरकत नाही. उलट बाईंनी घडी घालून दिलेला देखणा शर्ट ज्याच्या हातात आहे, तो काय लिहिणार? 'मी लाल रंग ओतला.' संपलं.

म्हणूनच बिघडलेल्या तुकड्यांना घाबरू नका. ज्या वर्गात चाळीसच्या चाळीस नक्ष्या एकसारख्या सुंदर आल्यात, तिथे घड्या कुणी घातल्या हे विचारायची गरज पडत नाही. जिथे काही फसल्यात, काही तिरक्या आल्यात, एखादीचा मध्यच हरवलाय, तिथे मुलांनी काम केलंय हे नक्की. प्रदर्शनात ते तुकडेही लावा आणि शेजारी मुलांनी लिहिलेली कारणंही लावा. पालक विचारतील, 'हे असं का आलं?' तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका. मुलाला देऊ द्या.

एवढं वाचल्यावर निदान एक गोष्ट करा. पुढच्या वेळी टाय-डायचा तास ठरला की आदल्या रात्री बसून घड्या घालून ठेवू नका. कोरे तुकडे तसेच वर्गात घेऊन जा. मध्यावर चिमटीत कसं धरायचं तेवढं एकदा सावकाश दाखवा, आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहा. पहिली दहा मिनिटं गोंधळ होईल, चुण्या फुगतील, कुणीतरी 'बाई, होत नाहीये' म्हणेल. हात पुढे करायचा मोह होईल. तेव्हा फक्त एवढंच म्हणा, 'दाबून धर, आणि परत फिरव.'